चाळीस हजार डॉलर तोंडी, शिष्यवृत्ती कागदावर

पत्र

नमस्कार मॅडम,

मी मूळचा कोल्हापूरचा. एकोणीस वर्षांपासून अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो. मुलगा इथेच जन्मला, आता सतरा वर्षांचा आहे आणि बारावीत शिकतो. लहानपणी तो सॉकर खेळायचा, म्हणजे आपण कोल्हापुरात ज्याला फुटबॉल म्हणतो तो. नववीपासून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर आहे, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा. तीन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. पहिलं टीव्हीवर दिसणारं मोठं विद्यापीठ आहे. तिथे शिष्यवृत्ती नाही, पण संघात घेऊ म्हणतात, आणि त्यांच्या पाठीराख्यांपैकी एक गृहस्थ फोनवर म्हणाले की वर्षाला 40,000 डॉलर सहज बघू. दुसरं मध्यम नावाचं विद्यापीठ पूर्ण शिष्यवृत्ती आणि वर वर्षाला 8,000 डॉलर देतंय. तिसरं छोटं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे खेळाचे पैसे मिळत नाहीत, पण मार्कांवर निम्मी फी माफ होते. त्यात एक सल्लागार करार घेऊन आला आहे: मुलाच्या सगळ्या कमाईतले 20 टक्के, सात वर्षं. मुलाला मेकॅनिकल करायचंय, पण पहिल्या विद्यापीठावर अडून बसलाय. बायको विचारते, ‘आपण त्याला शिकायला पाठवतोय की विकायला?’ कोल्हापूरचे वडील म्हणाले, ‘पोराच्या पायाला भाव आला म्हंतोस, पण पाय मोडला तर खुराक कोण घालणार?’ पुण्यात सॉकर खेळणारा पुतण्याही आता विचारतो, की मला असं काही मिळेल का. काय करावं?

— एक पालक, फ्रिस्को

उत्तर

नमस्कार.

सुरुवात तुमच्या पत्नीच्या प्रश्नापासून करते, कारण तो मनात राहिला तर बाकीचा हिशेब नीट होणार नाही. नाही, तुम्ही मुलाला विकत नाही आहात. या खेळात पैसा आधीपासून होता, फक्त खेळणाऱ्यांना तो मिळत नव्हता. 2022 मध्ये ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाने सात वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, ते 700 कोटी डॉलरहून अधिक किमतीला. तुमच्याच राज्यात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला कराराच्या मधेच काढलं, तेव्हा त्याला घरी बसवण्याची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. त्या वेळी ज्या पोरांच्या गुडघ्यांवर हा सगळा डोलारा उभा होता, त्यांना विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती आणि वर थोडीशी मदत, एवढंच मिळत होतं. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच 1950 च्या दशकात एनसीएए या कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने रूढ केला, जखमी खेळाडूला कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये या काळजीतून. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. म्हणून मुलाने पैसे घ्यावेत की नाही, यावर तुम्ही रात्री जागू नका. घ्यावेत.

फ्रिस्कोहून गाडीने थोड्याच वेळात डॅलसचं एसएमयू, म्हणजे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ, येतं. तिथले पाठीराखे खेळाडूंना चोरून पैसे देत होते, म्हणून एनसीएएने त्यांचा 1987 चा अख्खा हंगाम रद्द केला. 1988 मध्ये विद्यापीठाने स्वतःच संघ उतरवला नाही, आणि पुढची वीसेक वर्षं तो कार्यक्रम सावरला नाही. तेच एसएमयू 2024 मध्ये मोठ्या गटात शिरलं, त्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा सोडायला तयार झालं, आणि त्याच वर्षी बारा संघांच्या अंतिम स्पर्धेत पोचलं. तोपर्यंत खेळाडूंना पैसे मिळणं उघड आणि कायदेशीर झालं होतं. ज्यासाठी एका पिढीला शिक्षा झाली, तेच पुढच्या पिढीला फोनवर सांगितलं जातंय. तुमचा मुलगा अशा ऐन बदलाच्या वर्षांत बारावीला आला आहे.

बदल कसा झाला ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापुढचे आकडे त्यातूनच आले आहेत. 21 जून 2021 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. लगेच 1 जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा, ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. यालाच सगळे ‘एनआयएल’ म्हणतात. मग 6 जून 2025 रोजी ‘हाउस’ या खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली. 2016 पासूनच्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई ठरली, आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे द्यायची मोकळीक मिळाली. 2025-26 साठी ही मर्यादा एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून 2 कोटी 5 लाख डॉलर इतकी ठरली. मोठ्या ठिकाणी त्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला जातो, आणि फुटबॉलमध्येही क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, आणि त्याला वाचवणारे-पाडणारे आधी जेवतात. किकर पंगतीच्या शेवटी बसतो.

पण त्याच तडजोडीत एक कलम आहे. माझ्या मते तुमच्या मुलाच्या बाबतीत पैशापेक्षा ते मोठं आहे. पूर्वी फुटबॉलमध्ये 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण शिष्यवृत्तीशिवाय कितीही मुलं संघात ठेवता यायची. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. किकर बहुतेक वेळा याच दाराने आत यायचे. आता तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण संघाची संख्याच 105 वर बांधली गेली. एक नवा बचावपटू हवा झाला की एक जागा रिकामी करावी लागते, आणि ती कोणाची करणार? ज्याच्यावर विद्यापीठाचा एक डॉलरही लागलेला नाही, त्याची. पहिल्या विद्यापीठाने तुमच्या मुलाला नेमकी हीच जागा देऊ केली आहे.

आणि ते 40,000? ते विद्यापीठाने देऊ केलेले नाहीत, पाठीराख्यांपैकी कोणीतरी ‘बघू’ म्हटलं आहे. बाहेरच्यांकडून मिळणारा 600 डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक सौदा आता ‘एनआयएल गो’ या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. त्यामागे खरा व्यवसाय आहे का, रक्कम वाजवी आहे का, हे तपासलं जातं आणि सौदा नाकारलाही जाऊ शकतो. एकही सामना न खेळलेल्या किकरच्या चेहऱ्याला 40,000 डॉलर, हे त्या चाळणीतून पार पडेल यावर मी घर चालवणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासमधल्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका पहिले तिन्ही सामने जिंकलेला संघ सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते ते मिळाले नाहीत. विद्यापीठाचं म्हणणं वेगळं होतं. खरं कोणाचं यात मी पडत नाही. कागद नव्हता, एवढंच आपल्याला पुरे.

तुमचा मुलगा हे वाचून चिडेल. चिडू दे. मोठ्या मैदानावर नव्वद हजार लोकांपुढे किक मारायचं स्वप्न खोटं नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ते पडलं नाही तरच नवल. त्याला एवढंच करायला सांगा: त्या प्रशिक्षकांना स्वतः ईमेल लिहून तीन गोष्टी विचार. मी 105 मध्ये नक्की आहे का? माझ्याबरोबर आणखी किती किकर आहेत आणि ते कितव्या वर्षाला आहेत? शिष्यवृत्ती कधी मिळू शकते? हे त्याने विचारायचं, तुम्ही नाही. उत्तर लेखी आलं तर विचार करू. ‘भेटल्यावर बोलू’ असं आलं तर ते उत्तर त्याचं त्यालाच कळेल.

इथे मला माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा आठवतो. पुण्यात टेनिस खेळायचा, काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला. घरी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलला, नव्याने आपली मुलं आणली, आणि याची शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली नाही. करार वर्षाचाच होता. आम्ही कोणीच, मी धरून, तो शेवटपर्यंत वाचला नव्हता. पोराने बदली घेतली, निम्मे क्रेडिट नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत, पदवी दीड वर्ष लांबली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घरात मी एकच गोष्ट आधी विचारते: उद्या खेळ थांबला तर याच कॉलेजात, याच खोलीत, याच अभ्यासाला तो बसेल का?

म्हणून माझा कल दुसऱ्या विद्यापीठाकडे आहे. पण तिथलेही कागद मला हवे आहेत. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार? दुखापत झाली, प्रशिक्षक बदलला तर ती टिकते का? 8,000 डॉलरच्या करारात मुलगा मधेच दुसरीकडे गेला तर पैसे परत करायचे, असं कलम आहे का? आता बऱ्याच करारांत ते असतं. आणि मेकॅनिकलचं काय? सरावावर आठवड्याला वीस तासांचं बंधन नियमात आहे, पण प्रवास, उपचार, व्हिडिओ पाहणं धरलं तर दिवस त्यापलीकडे जातो, आणि इंजिनिअरिंगच्या लॅब नेमक्या दुपारी असतात. सध्याच्या संघात इंजिनिअरिंग शिकणारी मुलं किती, हे विचारा आणि त्यांपैकी दोघांशी त्याचं बोलणं करून द्या. एकही नसेल, तर मेकॅनिकलची जागा हळूच कुठल्यातरी सोप्या विषयाने घेतली जाते. अशा वेळी तिसरं कॉलेज पुन्हा काढा आणि निम्म्या फीचा हिशेब मांडा. तिथे तो शनिवारी खेळेल, लोक कमी असतील, पण लॅब बुडणार नाही.

आणखी एक आकडा तुम्हा दोघांनी त्याच्याबरोबर बसून पाहावा. अमेरिकेत सुमारे दहा लाख मुलं हायस्कूलचा फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सातेक कॉलेजात खेळतात आणि कॉलेजातल्या शंभरातली दोनही एनएफएलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला, पोचत नाहीत. किकरचं गणित त्याहून अवघड आहे. 32 संघ, प्रत्येकाला एक किकर, आणि चांगला किकर चाळिशीपर्यंत जागा सोडत नाही.

सल्लागाराचा करार परत करा. चर्चा नको, घासाघीस नको. एनएफएलमध्ये खेळाडू संघटनेच्या नियमाप्रमाणे एजंटला खेळाच्या करारावर जास्तीत जास्त 3 टक्के मिळतात, आणि हा गृहस्थ 20 मागतो. तेही ‘सगळ्या कमाईवर’, आणि सात वर्षं, म्हणजे मुलगा उद्या इंजिनिअर म्हणून नोकरीला लागला तरी पगारातून याचा वाटा जाणार का, हेही त्या शब्दांत मोकळं सोडलेलं आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू जर्व्हॉन डेक्स्टरने 2022 मध्ये कॉलेजात असताना एका कंपनीकडून 4,36,485 डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलमधल्या कमाईचे 15 टक्के पंचवीस वर्षांसाठी लिहून दिले. नंतर त्याला त्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. कोणताही करार सहीआधी वकिलाला दाखवा, ठरावीक फी देऊन. काही शे डॉलर जातील, जाऊ देत.

कराचंही सांगते, कारण घराघरांत इथे गफलत होते. एनआयएलचे पैसे म्हणजे नोकरीचा पगार नाही, त्यामुळे कर आधी कापून येत नाही. स्वतःच्या धंद्यासारखा 15.3 टक्के स्वयंरोजगार कर आणि त्यावर नेहमीचा आयकर लागतो, तोही दर तिमाहीला भरायचा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर तिथला लागू शकतो. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भागही करपात्र असतो. हातात आलेल्या दर शंभरातले तीस वेगळ्या खात्यात टाकायची सवय त्याला पहिल्या चेकपासून लावा.

तुमच्या पुतण्याचं उत्तर वेगळं आहे. तो विद्यार्थी व्हिसावर जाईल, आणि एफ-1 व्हिसावर काम करून पैसे मिळवण्यावर कडक बंधनं आहेत. खेळाची शिष्यवृत्ती घेता येते, पण अमेरिकेत राहून जाहिराती, सह्यांचे कार्यक्रम असं काही केलं तर व्हिसाच धोक्यात येतो. त्याच्या चुलतभावाला जे चालतं ते त्याला चालत नाही, कारण एकाकडे जन्माने नागरिकत्व आहे. सॉकरमध्ये पैसाही फार नाही. त्याने शिष्यवृत्ती आणि शिक्षण एवढ्याच हिशेबाने बघावं, आणि मला वेगळं लिहावं.

राहिला तुमच्या वडिलांचा प्रश्न. तालमीत वाढलेल्या माणसालाच तो सुचू शकतो. इनाम कितीचं, हे सगळेच विचारतात. कुस्ती हरल्यावर, हात निखळल्यावर खुराक कोण देणार, हे वस्ताद विचारतो. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना ऑगस्ट 2024 पासून खेळात झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो. किकरचा गुडघा आणि मांडीचा स्नायू दोन वर्षांत बरा होतोच असं नाही. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठाला पुढचा मेल जाईल त्यात हा प्रश्न सगळ्यात वर लिहा: दोन वर्षांनंतर काय, विमा कोणाचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर खर्च कोण करणार. इंग्रजीत लिहा, पण आजोबांचाच प्रश्न लिहा. सह्यांचा काळ डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो. त्याआधी तिन्ही ठिकाणची लेखी उत्तरं आली की मला पाठवा, आणि त्या कॉलवर मुलालाही बसवा.