सुट्टी ‘सत्कारणी’ लावायचा हट्ट

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, एका कंपनीत टीम लीड आहे. गेले काही महिने झोप उडालेली, मीटिंगच्या आधी छातीत धडधड, आणि एक दिवस तर साधा मेल वाचताना रडूच कोसळलं, शेवटी डॉक्टरांनी सहा आठवड्यांची रजा लिहून दिली. त्यातले दोन आठवडे संपले. पहिल्याच दिवशी मी एक्सेल शीट बनवली होती, सकाळी सहाला व्यायाम, मग ऑनलाइन कोर्स, मग वाचन, मग कपाटं आवरणं, सगळं रंगबिरंगी. तिसऱ्या दिवसापासून सगळे चौकोन लाल. अकरा-अकरापर्यंत लोळते, मोबाइल बघते, ऑफिसचा ग्रूप चोरून उघडते आणि संध्याकाळ झाली की वाटतं, गेला अजून एक दिवस फुकट. तिकडे माझं काम बाकीचे ओढतायत आणि मी इथे छताकडे बघत पडलीये. ही सुट्टी सत्कारणी कशी लावू?

उत्तर : अगं, एक्सेल शीटचं वाचून मला हसूच आलं, रागावू नकोस, कारण मी स्वतः अशाच रजेवर होते तेव्हा मी पण तक्ता केला होता, फक्त माझा वहीत होता आणि रंग स्केचपेनचे होते. बघ ना, टार्गेटखाली दबून तू आजारी पडलीस आणि रजेच्या पहिल्या दिवशी केलंस काय, तर स्वतःलाच टार्गेट देऊन टाकलंस. म्हणजे मॅनेजर तेवढी बदलली आणि नवी तर जुन्यापेक्षा खडूस निघाली. तेव्हा आधी तो ‘सत्कारणी’ शब्द बाजूला ठेव.

गेलेले दोन आठवडे वाया गेले असं मी म्हणणार नाही. कित्येक महिने न झोपलेलं शरीर मोकळं सोडल्यावर आधी आडवंच होणार. पण आता तिसरा आठवडा आहे आणि आता अकरापर्यंत लोळण्याने आराम कमी आणि त्रास जास्त होईल, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं आणि उठण्याची वेळ रोज सरकत राहिली की रात्रीची झोपही पुढे पुढे पळते. म्हणून एकच गोष्ट पक्की कर, उठायची वेळ. झोपायची नाही हं, उठायची. आठ म्हण, साडेआठ म्हण, तुला झेपेल ती, पण रोज तीच, आणि उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात ये, गॅलरीत उभी राहिलीस तरी चालेल. दुपारी डोळा लागलाच तर वीस-तीस मिनिटं, तीन वाजायच्या आत. आणि लोळायचं असेल तर खुशाल लोळ पण खुर्चीत, सोफ्यावर, अंथरुणात नको. रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली, अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं म्हणजे मेंदू अंथरूण बघितल्यावर झोपेचाच विचार करतो, काळजीचा नाही. निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरतात.

आता मूड. तुझ्या मनात कुठेतरी असं असणार की आधी बरं वाटू दे, मग बाहेर पडेन, मग मैत्रिणीला फोन करेन. उदास माणसाचं गणित नेमकं इथेच फसतं, कारण काहीच केलं नाही की बरं वाटण्याचं कारणच उरत नाही, मग अजून काही करावंसं वाटत नाही, आणि हे चक्र फिरत राहतं. १९७० च्या दशकात पीटर ल्युइन्सन या मानसशास्त्रज्ञाने नैराश्याकडे याच बाजूने बघितलं आणि त्यातून पुढे जी उपचारपद्धत तयार झाली तिचं सार एवढंच की मूडची वाट बघू नका, छोटीशी कृती आधी, मूड मागून येतो. छोटी म्हणजे खरंच छोटी. ‘एक तास चालणार’ नाही, ‘चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाणार’. तिथून परत आलीस तरी ते झालं. एक साधी वही घे, दिवसभरात जे केलं ते लिही आणि समोर दोन आकडे टाक, किती आवडलं आणि किती जमल्यासारखं वाटलं, शून्य ते दहा. चार-पाच दिवसांत तुलाच दिसेल की तीन तास मोबाइल बघितल्यावर दोन्ही आकडे एक-दोनच्या वर जात नाहीयेत आणि झाडांना पाणी घातल्यावर मात्र पाच आलाय. मी मोबाइलवरून प्रवचन देणार नाही, तुझी वहीच देईल.

माझ्या रजेतली एक गोष्ट सांगते. घरात एक पत्र्याचा डबा होता जुन्या किल्ल्यांचा, कुठल्या कुलपाच्या, कुठल्या बॅगेच्या, कुणालाच माहीत नाही, आणि फेकायची हिंमतही कुणाची नाही. एका दुपारी मी तो जमिनीवर ओतला. एकतीस किल्ल्या निघाल्या. मग एकेक किल्ली घेऊन घरातलं एकेक कुलूप, ड्रॉवर, सुटकेस लावून बघत बसले, तीन दुपारी गेल्या. नऊ लागल्या. त्या नवांना दोरा बांधून चिठ्ठ्या लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासणार नव्हतं, डेडलाइन नव्हती, आणि किल्ली लागली की ‘खट्’ असा आवाज यायचा ना, तो आवाज कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झाल्याचा होता. जाबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, कामानंतर माणूस कशाने सावरतो ते मोजायची, त्यात चार गोष्टी आहेत : मन कामापासून सुटणं, निवांतपणा, कामाबाहेरचं काहीतरी जमवून दाखवणं आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. किल्ल्यांच्या डब्यात चारही होत्या, हे मला फार नंतर कळलं. तुझा ऑनलाइन कोर्स मात्र ऑफिसच्याच कामाचा असणार, हो ना? तो आता नकोच.

ऑफिसचा ग्रूप चोरून उघडतेस ते का, तर अर्धवट कामं डोक्यात घोळतात म्हणून. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच लिहून ठेवलंय की त्यांच्या प्रयोगात लोकांना अर्धवट सोडलेलं काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं. तेव्हा डोक्यात जे जे लटकलंय ते एकदाच कागदावर उतरव, त्यातलं खरोखर कुणाला सांगायलाच हवं असं असेल तेवढं मॅनेजरला एका मेलमध्ये कळव, आणि मग फोनवरून ऑफिसच्या मेलचं अकाउंट काढून टाक. म्यूट नाही, काढून टाक, म्यूट केलेलं आपण उघडतोच. लॅपटॉप बॅगेत आणि बॅग माळ्यावर. तरीही विचार आले तर रोज संध्याकाळची वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेव, दिवसा विचार आला की चिठ्ठीवर लिहायचा आणि म्हणायचं, साडेपाचला बघते तुला. ऐकायला पोरखेळ वाटतो पण थॉमस बॉर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे तपासून बघितलेलं आहे. आणि तुझं काम बाकीचे ओढतायत ते कुणी किती ओढायचं हे ठरवणाऱ्याला त्याचाच पगार मिळतो, ते रजेवर असलेल्या माणसाचं काम नाही.

परत जाण्याचा विचार चौथ्या आठवड्यापर्यंत करूच नकोस. पाचव्यात मात्र कर. ऑफिसच्या दिवसासारखं उठायला लाग, रोज तास-दीड तास लक्ष लागेल असं काहीतरी कर, आणि डॉक्टरांशी बोल की एकदम पूर्णवेळ जायचं की आधी अर्धा दिवस, आणि अजून तयारी नाही असं दिसलं तर रजा वाढवण्याबद्दलही विचार. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद करू नकोस, नैराश्याच्या औषधांना परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात आणि एकदम सोडली तर त्रास होतो.

आणखी एक, हे मी जरा जोर देऊन सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट आजार म्हणून नाहीये, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी. म्हणजे सहा आठवडे कितीही छान झोपलीस आणि परत त्याच खुर्चीत, त्याच रात्री अकराच्या कॉलवर गेलीस तर पुन्हा तेच होणार. या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कामावर परतणाऱ्यासाठी उपचार आणि कामातले बदल दोन्ही एकत्र सुचवलेत. म्हणून शेवटच्या आठवड्यात एका कागदावर तीनच गोष्टी लिही ज्या बदलायलाच हव्यात, आणि त्या घेऊन बोलायला जा.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा. अ‍ॅंग्झायटीमुळे महिनाभर रजेवर आहे. परवा मित्र ओढून सिनेमाला घेऊन गेले, तिथे ऑफिसमधला एक जण भेटला आणि म्हणाला, ‘वा, मजा चालूये.’ तेव्हापासून घराबाहेर पडायची लाज वाटतेय. मी फसवणूक करतोय का?

उत्तर : नाही हो. तुमच्या आजारात घरात कोंडून घेणं हे पथ्य नाही, उलट ते आजाराच्याच पथ्यावर पडतं. गर्दीची, बाहेरची भीती टाळत गेलं की ती वाढते, त्यामुळे थिएटरमध्ये अडीच तास बसलात हे तुमच्या डॉक्टरांना आवडेल, सांगा त्यांना. भेटलेल्या माणसासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा, ‘तब्येतीसाठी रजेवर आहे, हळूहळू बरं वाटतंय’, आणि पुढचं त्याला विचारा, ‘तू कसा आहेस?’ तुमचं निदान काय, गोळ्या कुठल्या, हे त्याला सांगायला तुम्ही बांधील नाही. फक्त दोन ठिकाणी सांभाळा. लांब गावाला जायचं असेल तर रजेचे नियम आधी वाचा किंवा एचआरला विचारा, आणि या काळात दुसरीकडे पैसे घेऊन काम करू नका. स्टेटसला फोटो टाकायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मी टाकले नसते, लाज वाटते म्हणून नाही, लोकांना उत्तरं देत बसायला लागतं म्हणून.

प्रश्न : माझे मिस्टर तीन आठवडे घरी आहेत, डिप्रेशनसाठी. मी कामावरून आले की विचारते, आज काय काय केलं? की त्यांचा चेहरा पडतो. काही कामं सांगून जाते, बिलं भरा वगैरे, ती तशीच राहतात. मी चिडते, मग मलाच वाईट वाटतं.

उत्तर : ‘आज काय काय केलं’ हा प्रश्न तुमच्या दृष्टीने प्रेमाचा आहे, त्यांच्या कानाला तो रोजची स्टेटस मीटिंग वाटतो. तो बंद करा. त्याऐवजी पर्स ठेवून ‘चला, खाली एक चक्कर मारून येऊ’ म्हणा, समोरासमोर बसून जे निघत नाही ते शेजारी शेजारी चालताना निघतं, आणि नाही निघालं तरी चालणं झालंच. घरातलं एक काम, एकच, त्यांना निवडू द्या, रोजचं आणि दहा मिनिटांत संपणारं.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. खाणं-झोप एकदम बिघडली, दारू वाढली, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागले किंवा ‘मी नसतो तर तुम्हाला बरं झालं असतं’ असं काही बोलले तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर, नाहीतर तुमच्याकडची हेल्पलाइन.

आणि तुमची चिडचिड, ती होणारच, दोघांचा संसार सध्या एकटीच्या खांद्यावर आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची, मैत्रिणीकडे जा, त्यांच्या आजाराबद्दल अवाक्षर न काढता या परत. बिलं या महिन्यात ऑटो-पेला टाका.