शेवट वाचकाला का पटत नाही?

प्रश्न : माझ्या विज्ञान कादंबरीत प्रॉक्झिमा सेंटॉरीजवळचे यान ताऱ्याच्या भडक्यातून वाचते, कारण शेवटच्या प्रकरणात पृथ्वीवरून वेळेवर इशारा येतो. हस्तलिखित वाचणाऱ्यांना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो. काय बदलू?

उत्तर : हा इशारा वेळेवर येऊच शकत नाही. प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. भडका पृथ्वीवर दिसायला सव्वाचार वर्षे लागतील आणि इशारा यानापर्यंत पोहोचायला आणखी तेवढीच. पण ही चूक सुधारली तरी वाचकांची तक्रार राहीलच, कारण सुटका बाहेरून येते आणि तिची चाहूल आधी कुठेच नाही.

बाहेरून आलेली सुटकाही पटू शकते. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरचे आक्रमक जंतूंमुळे मरतात, माणसाच्या पराक्रमाने नव्हे. पण पहिल्याच वाक्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या पाण्याच्या थेंबातले जीव आहेत आणि आक्रमक मरण्याआधी त्यांच्यासोबत आलेली तांबडी वनस्पती जंतूंमुळेच कुजताना दिसते.

शेवटी कामी येणाऱ्या प्रत्येक उपकरणाची आणि नियमाची यादी करा. ती गोष्ट प्रथम कोणत्या पानावर आली ते समोर लिहा. जी अखेरच्या चौथ्या भागात पहिल्यांदा उगवते, ती मागे न्या आणि शेवटाआधी दोनदा दाखवा: एकदा किरकोळ कामात, एकदा अपुरी पडताना. हे दुसरे दाखवणे लेखक हमखास टाळतात. मर्यादा ठाऊक नसेल, तर वाचकाला धास्तीच वाटत नाही.

तुमच्या कथेत उपाय ताऱ्यापाशीच आहे. भडक्याचा प्रकाश आधी पोहोचतो, विद्युतभारित वायूचा मोठा लोट मागून येतो. यान ताऱ्यापासून ७५ लाख किलोमीटरवर असेल, तर प्रकाश २५ सेकंदांत येईल. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाच्या लोटाला दोन तासांहून थोडे अधिक लागतील. काही वेगवान कण त्याआधीच येतील, म्हणून निर्णय लांबवता येणार नाही. संरक्षित कक्षात सगळे मावत नाहीत, हे तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच कळू द्या. मग शेवट पात्रांच्या हाती येईल.

प्रश्न : नायिका प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने प्रवास करून तरुणच परतते आणि पृथ्वीवर १०० वर्षे उलटलेली असतात. हे चालेल?

उत्तर : नाही. या वेगाला पृथ्वीवरच्या १०० वर्षांत तिची जवळजवळ ४४ वर्षे जातील. वेग ९९ टक्के केला तर सुमारे १४ आणि ९९.९ टक्के केला तर साडेचार वर्षे. (वेग वाढवण्या-कमी करण्याचा काळ यात धरलेला नाही.) ठिकाणही जुळायला हवे: १०० वर्षांच्या फेरीसाठी तारा सुमारे ५० प्रकाशवर्षांवर लागेल. ट्रॅपिस्ट-१ निवडलात, तर तो ४० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. तेव्हा १०० ऐवजी ८०-८२ वर्षे लिहा, आणि तिला ओळखणारा एखादा वृद्ध हयात ठेवा. परतीच्या प्रसंगाला त्याने जी धार येईल, ती नुसत्या आकड्याने येणार नाही.