सीएमएलची गोळी बंद करता येते का?

प्रश्न : आमच्या मिस्टरांना २०१७ पासून सीएमएल (रक्ताचा एक कर्करोग) आहे. रोज इमॅटिनिब ४०० ची एक गोळी चालू. बीसीआर-एबीएलचे (या आजाराच्या जनुकाची रक्ततपासणी) मागचे दोन रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आले. गोळी किडनीवर जाते असं गावात कुणी सांगितल्यामुळे आठ दिवसांपासून त्यांनी ती सोडलीय. दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली तर चालेल ना?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : आज संध्याकाळच्या जेवणासोबत गोळी सुरू करा, पुढचं नंतर वाचा. किडनीची शंका असेल तर क्रिएटिनिन तपासून घ्या.

गोळी थांबवूनही आजार दबलेला राहतो, हे खरं आहे. युरो-स्की या युरोपातल्या अभ्यासात साडेसातशेच्या आसपास रुग्णांनी औषध थांबवलं. दोन वर्षांनी जवळपास निम्मे गोळीविना होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार पहिल्या सहा महिन्यांतच उलटला. गोळी थांबवायची अट अशी : आजार कायम क्रॉनिक (सुरुवातीच्या, संथ) टप्प्यातच राहिलेला, इमॅटिनिब किमान पाच वर्षं, आणि बीसीआर-एबीएल सलग दोन वर्षांहून जास्त काळ ०.०१ टक्का किंवा त्याखाली. तीन वर्षं असेल तर अधिक बरं. पाच वर्षांची अट तुमची पूर्ण दिसते. पण दोन रिपोर्टवर दोन वर्षं सिद्ध होत नाहीत.

त्यातही ते दोन रिपोर्ट नीट बघा. एबीएल कॉपीजचा (नमुन्यात मोजता आलेल्या एबीएल जनुकाच्या प्रतींचा) आकडा शोधा. तो १०,००० च्या खाली असेल तर ‘नॉट डिटेक्टेड’ला फारसा अर्थ नाही, मोजायला पुरेसा आरएनएच (पेशीतला ज्या रेणूवर ही तपासणी होते तो) नव्हता. हे आपल्याकडे उन्हाळ्यात फार होतं. मे महिन्यात नळी दिवसभर एसटीच्या डिकीत तापली की आरएनए तुटतो. म्हणून जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी थर्माकोलच्या डब्यात गार पॅकसोबत ठेवा, मध्ये कापड घाला. रक्त थंडीने बर्फासारखं गोठलं तर पेशी फुटतात. पुण्या-मुंबईच्या लॅबला ती २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोचली पाहिजे. शनिवारी रक्त देऊ नका, रविवार वाया जातो. लॅब शक्यतो एकच ठेवा आणि रिपोर्टवर ‘आयएस’ (इंटरनॅशनल स्केल, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजमाप) लिहिलेलं हवं.

सीबीसीवर भागणार नाही. पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गोळी थांबवल्यावर बीसीआर-एबीएल पहिले सहा महिने दरमहा, मग वर्ष होईपर्यंत दोन महिन्यांनी, त्यानंतर दर तीन महिन्यांनी, आणि तेही कायम. आकडा ०.१ टक्क्याच्या वर गेला की चार आठवड्यांच्या आत औषध परत चालू. वेळेत केलं तर बहुतेकांचा आजार पुन्हा दबतो. एवढ्या तपासण्यांचा खर्च आणि रक्त पाठवायची सोय आधी रक्तविकारतज्ज्ञांसमोर बसून ठरवा. जमणार नसेल तर गोळी चालू ठेवणंच शहाणपणाचं.

प्रश्न : डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवून दीड महिना झाला. खांदे, मनगटं ठणकतात. आजार उलटला का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दुखण्यावरून ते ठरत नाही. गोळी सुटल्यावर चारात एखाद्याला असं होतं. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरतं. पॅरासिटामॉलने बहुधा भागतं, नाही भागलं तर डॉक्टरांना सांगा. या महिन्याचं रक्त मात्र ठरल्या तारखेलाच द्या.