उसने सूर, उघडपणे

प्रश्न : बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ या गाण्याची सुरुवात फ्रान्सच्या राष्ट्रगीताने होते आणि शेवटीही ओळखीच्या चाली कानांवर पडतात. याला उसनवारी म्हणावे की चोरी?

उत्तर : चोरी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण इथे काहीच लपवलेले नाही. २५ जून १९६७ रोजी उपग्रहाद्वारे अनेक देशांत एकाच वेळी दाखवल्या गेलेल्या ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात ब्रिटनच्या वतीने हे गाणे सादर झाले, आणि देशोदेशींच्या श्रोत्यांसाठी केलेल्या गाण्याचा आरंभ सर्वपरिचित सुरांनी व्हावा, हे मला अगदी योग्य वाटते.

खरी श्रीमंती शेवटच्या मिनिटात आहे. हेडफोन लावून ऐकल्यास ट्रम्पेटवर जर्मन संगीतकार बाखच्या एका इन्व्हेन्शनचा (छोट्या वाद्यरचनेचा) तुकडा, सॅक्सोफोनवर अमेरिकी संगीतकार ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने गाजवलेले ‘इन द मूड’ आणि तंतुवाद्यांवर ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही जुनी इंग्रजी धून एकमेकांत मिसळताना ऐकू येतात. त्या गलबल्यातूनच बीटल्सच्या स्वतःच्या, १९६३ मधल्या ‘शी लव्ह्ज यू’ची ओळ वर येते. आपल्याच जुन्या गाण्याला अशी हाक मारणे मला फार लोभस वाटते.

हे तुकडे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी वाद्यमेळात गुंफले. बाख आणि ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ कुणालाही वापरता येण्याजोगे होते. ‘इन द मूड’च्या वाद्यरचनेवरील स्वामित्वहक्क मात्र शाबूत असल्याने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला पैसे मोजून तडजोड करावी लागली.