फ्रिजवरची चिठ्ठी

"मॅडम, पोरगी वाळालीय ओ. फोनवर नुसतं हं-हं करालीय. परत बोलावून घेऊ का?"

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून एका आईनं हे विचारलं, तेव्हा डिसेंबर चालू होता. मुलगी सप्टेंबरात जर्मनीला गेलेली, मास्टर्ससाठी. थंडी पडली की हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील मला दरवर्षी भेटतात. म्हणून मायलेकींच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

मुलगी आणखी तिघींबरोबर राहत होती. तिकडे अशा घराला 'वेगे' म्हणतात. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं. ही 'जुळे सोलापूर' या उपनगरात स्वतःच्या खोलीत वाढलेली एकुलती एक. दुसऱ्याच्या ओट्यावर भाकरी थापायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

रविवारी दुपारी साडेतीनला आम्ही व्हिडिओवर भेटलो, तिच्याकडे सकाळचे अकरा. पहिलंच वाक्य, "मॅडम, घरातल्या पोरींना मी नको आहे." महिनाभर ती ब्रेडला शेंगा चटणी लावून खोलीतच जेवत होती. सगळ्या झोपल्या की भांडी घासायला बाहेर यायची. फ्रिजवर तिच्यासाठी चिठ्ठी लागली, त्या दिवसापासून हे सुरू झालं होतं.

मी म्हटलं, चिठ्ठी जशी आहे तशी वाचून दाखव. तिनं फोटो काढून ठेवला होता. दोनच ओळी होत्या: रात्री दहानंतर स्वयंपाकघरात फोनवर बोलू नकोस, माझी सकाळची पाळी असते; आणि गेले दोन आठवडे न्हाणीघर साफ करायची पाळी तुझी होती. खाली धन्यवाद.

"आणि तू नको आहेस, हे कुठं लिहिलंय?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं असं लिहून कुणी देतं का? बोलणं बंद झाल्यावरच लिहितात ना."

माझ्या मते गाठ इथं होती. आपल्या घरात लेखी काही येतं ते भांडण विकोपाला गेल्यावर. तिकडच्या सामायिक घरात चिठ्ठी आणि भिंतीवरचं साफसफाईचं वेळापत्रक ही रोजची गोष्ट. घाण दिसली की साफ करायची, हे हिचं वळण. तिथं तुझ्या आठवड्यात तू करायचंस, दिसो वा न दिसो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळणं तर तिकडं शेजारधर्मच समजतात, रविवारी दिवसभरसुद्धा.

रात्रीच्या फोनचं कारण मात्र सोलापुरात होतं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आई पहाटे पाचला पाणी भरायला उठायची आणि तेव्हाच लेकीला फोन लावायची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिकडं रात्रीचे साडेबारा. आईचा आवाज ऐकायला पोरगी जागी राहायची. खोलीत रेंज नीट नाही म्हणून स्वयंपाकघरात येऊन बोलायची. दोघींनीही हे मायेपोटीच केलं. भिंतीपलीकडची मुलगी मात्र पहाटे कामाला जायची.

एक गोष्ट मी हलकी केली नाही. एका मुलीनं हिच्या फोडणीच्या वेळी नाक धरलं होतं. "तिला तसं म्हणायचं नसेल" असं सांगून मी ते झाकलं नाही. ते लागणारच. अशा वेळी "ॲडजस्ट कर" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आवाजाची तक्रार ऐकून घ्यायची असते, नाक धरल्याचं मात्र तोंडावर सांगायचं असतं. आम्ही ते वाक्य तीन-चारदा म्हणून पाहिलं: "वास जास्त वाटला तर खिडकी उघड म्हण, मी उघडेन. नाक धरलंस की मला वाईट वाटतं." इंग्रजीतून ते म्हणताना पहिल्या वेळी तिला रडू आलं.

मधल्या काळात आई आजीला घेऊन आल्या. आजीचं आयुष्य गिरणीच्या चाळीत गेलेलं. एक नळ, सामायिक संडास आणि बिऱ्हाडं मोजायला बोटं पुरायची नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "नळावर पाळी तोंडानं बोलून घ्यावी लागती. मनात ठिवली की घागरीला घागर लागती." मी हे मुलीला जसंच्या तसं सांगितलं. आजीनंही असेच दिवस काढलेत, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जानेवारीत तिनं चौघींना एकत्र बसवलं. चुकलेल्या दोन आठवड्यांबद्दल माफी मागितली, नाक धरल्याचं बोलली. ती मुलगी ओशाळली. आता फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद आणि नंतर खिडकी दहा मिनिटं सताड उघडी, असं ठरलं. पहाटे कामावर जाणारीशी मैत्री झाली नाही, येता-जाता हॅलो एवढंच. ते पुरतं. घर वाटून घेणाऱ्या सगळ्यांशी जिवाभावाचं व्हायलाच हवं, ही अपेक्षा मुलांना फार दमवते.

आईंना मी एकच बदल सुचवला. फोन आपल्या रात्री साडेदहाला, तिकडं संध्याकाळी सहा. "काय जेवलीस?" हा प्रश्नही काही दिवस बाजूला ठेवायला सांगितला, कारण त्याचं उत्तर पोरगी खोटं देत होती. त्यात खर्चाचीही लाज असते. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात आधीच अडकवून ठेवावे लागतात. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलेलं, मग "मला इथं करमत नाही" हे बोलायचं कुठल्या तोंडानं?

परत बोलवा किंवा घर बदलायला सांगा, असं मी कधीच म्हणत नाही असं नाही. धमकी, अंगचटीला येणं, वस्तू चोरणं, रंगावरून वारंवार टोमणे असतील तर तिथं जुळवून घ्यायचं नसतं. फक्त सोडण्याआधी भाडेकरार वाचावा, नोटिशीची मुदत त्यात असते. दोन-दोन आठवडे झोप नाही, वर्ग बुडतायत, जगणं नको वाटतंय, असं असेल तर माझ्या व्हिडिओची वाट बघू नये. तिकडच्या विद्यार्थी सेवा संस्थेत, म्हणजे श्टुडीरेंडेनवेर्कमध्ये, समुपदेशक असतात. जिवाचा धोका असेल तर ११२ लावावा.

मार्चमध्ये आमची शेवटची भेट झाली. शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढं जाणार, म्हणजे फोन आता साडेनऊला, हे आईंनी मला न विचारता सांगितलं. पहाटे पाचला त्या अजूनही उठतात. मोटार लावतात, टाकी भरेपर्यंत पायरीवर बसतात आणि मेसेज टाकतात: "पाणी आलं. उठलीस की वाच."