मला गणित येत नाही, लेकीचा अभ्यास कसा घेऊ?

प्रश्न : मी सातवीपर्यंत शिकले. घरी फॉल-पिकोची कामं करते. मुलगी नगरपालिकेच्या शाळेत सातवीला, सेमी-इंग्रजीत आहे. तिचं गणित मला कळत नाही. शेजारच्या ताई मुलाला रोज समोर बसवून अभ्यास घेतात. माझी मुलगी मागे पडेल का? क्लास लावू का?
– एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, मी उच्च प्राथमिकच्या वर्गांना वर्षानुवर्षं गणित शिकवलं. आईला गणित येत नाही म्हणून मूल मागे पडतं, हे मला पटत नाही. अमेरिकेत नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ साली याच वयाच्या मुलांविषयीचे पन्नास अभ्यास एकत्र तपासले. पालकांनी गृहपाठात मदत केल्याचा ठोस फायदा त्यांत दिसला नाही. शिकायचं कशासाठी, पुढे काय करायचं, हे ज्या घरांत बोललं जातं तिथली मुलं मात्र अभ्यासात पुढे दिसली. ते तर तुम्हाला नक्की जमेल.

मशीनवर काम करताना तिला शेजारी बसवा आणि आजचं गणित तुम्हालाच शिकवायला सांगा. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार असतो. ‘उणे तीन गुणिले उणे चार, बारा’ असं ती म्हणाली की विचारा, ‘दोन्ही उणे असताना उत्तर अधिक कसं आलं गं?’ नीट सांगता आलं, तर तिला कळलंय. अडखळली तर रागावू नका. प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून दुसऱ्या दिवशी बाईंना विचारू दे. असे प्रश्न घेऊन येणारी मुलं मला फार आवडायची.

सेमीच्या कितीतरी मुलांना गणित अडत नाही, पुस्तकातलं इंग्रजी अडतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाचं पुस्तक फुकट मिळतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचू द्या.

पालकसभा चुकवू नका. शिक्षणहक्क कायद्यानुसार तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुढची निवड होईल तेव्हा नाव द्या.

क्लासचं सहामाहीनंतर बघा, तेही नेमका कुठला घटक अडतोय हे बाईंना विचारून.