परदेशी बँक विकत घेतली जाते, तेव्हा आधी काय बघशील?

रत्नागिरीत बसून तू बँकांचे परदेशी सौदे वाचायला लागलास, फार बरं वाटलं. सुरुवातीला दोनच गोष्टी धर.

१. किमतीआधी त्या बँकेने दिलेली कर्जं बघ. कलमांची बाग घेताना आपण मोहोर बघून भुलत नाही, सातबाऱ्यावरचा बोजा आधी तपासतो, तसंच. २००७ साली आरबीएसच्या (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) गटाने एबीएन ॲम्रो ही डच बँक सुमारे ७१ अब्ज युरोंना घेतली; पुढच्याच वर्षी आरबीएसला ब्रिटिश सरकारने वाचवलं. मोठा सौदा म्हणजे चांगला सौदा, असं नवखे धरून चालतात. तू नको.

२. परवानगी. बातमी आली म्हणजे व्यवहार झाला नाही, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा होकार लागतो.

सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत २०२० मध्ये आपली लक्ष्मी विलास बँक विलीन झाली, ते प्रकरण आधी नीट वाच. चलनाचे हिशेब, गुडविल (निव्वळ मालमत्तेच्या वर मोजलेली किंमत) वगैरे सध्या राहू दे.